कॅमेऱ्यातला पांढरा मारुती

निवृत्त होऊन मला आता काही वर्षं झाली, तरी तालमीच्या दारातून आत शिरणारा तो पांढऱ्या केसांचा म्हातारा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हलणार तरी कसा? चार दिवस त्याचा फोटो मी खिशात घालून हिंडत होतो, आणि चारही दिवस चुकीच्या माणसाच्या मानगुटीवर बसलो होतो.

याला माझी एक बढाई कारणीभूत होती. ‘एकदा बघितलेला चेहरा मी विसरत नाही,’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा म्हटलं असेल की सकाळच्या हजेरीला नवीन शिपाई ते माझ्याआधी पुटपुटायचे. त्याला आधार होता काष्टीच्या बाजारातला एक किस्सा. जनावरं चोरणारा एक फरारी इसम मिशा काढून, डोक्याला मुंडासं गुंडाळून बाजारात उभा होता आणि मी त्याला चेहऱ्यावरून ओळखून पकडला, असं मी सगळ्यांना सांगायचो. आता पेन्शन सुरू झाली आहे, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मी त्याला फक्त बैलाचा भाव विचारला होता. तो एकदम पळाला म्हणून मीही त्याच्यामागे पळालो. चेहरा ओळखला तो ठाण्यात आणून पाणी पाजल्यावर.

तर असा मी, श्रीगोंदा तालुक्यातल्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक. एके दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक सत्तरीचे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरे केस, पांढऱ्या भरघोस मिशा, पांढरा सदरा, डोळ्यांवर चष्मा आणि दाराची चौकट भरून टाकणारे खांदे. ते जवळच्या एका गावातल्या तालमीचे वस्ताद होते. कुस्ती शिकवण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता. गावाची मानाची चांदीची गदा तालमीतून चोरीला गेली होती आणि ते फिर्याद द्यायला आले होते.

ही गदा कोणी घरी नेत नसे. यात्रेतली शेवटची कुस्ती जिंकणारा पैलवान ती खांद्यावर घेऊन मैदानाला एक फेरी मारायचा, त्याचं नाव गदेच्या दांड्यावर कोरलं जायचं आणि गदा पुन्हा तालमीत मारुतीपुढे उभी राहायची. गावातल्या कित्येक घरांच्या आजोबा-पणजोबांची नावं त्या दांड्यावर होती. यात्रा पाच दिवसांवर आली होती.

गुन्हा दाखल करून मी पथकासह तालमीत गेलो. जुन्या पद्धतीची दगडी तालीम. खिडकी नावाला नाही. भर दुपारीही आत बॅटरी लागायची. खाली लाल माती, समोर शेंदूर चर्चिलेला मारुती आणि वर कोपऱ्यात ग्रामपंचायतीने बसवलेला कॅमेरा. कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ल्या दोन होत्या. एक वस्तादांकडे, दुसरी यात्रा कमिटीच्या अध्यक्षांकडे.

हे अध्यक्ष वस्तादांचे सख्खे पुतणे. वय पंचावन्नच्या आसपास. केस आणि मिशा बुटाला पॉलिश केल्यासारख्या काळ्याभोर, अंगात चमकणारा काळा शर्ट, डोळ्यांवर काळा गॉगल. हा गॉगल ते अंधाऱ्या तालमीतही काढत नसत. माणूस फार सहकार्य करणारा. पंचनाम्याला पंच म्हणून त्यांनी आपणहून सही केली. गाडीत माझ्या शेजारी बसायचे, रस्ता दाखवायचे, चहा सांगायचे.

“साहेब, चोर सापडल्याबिगर मला झोप यायची न्हाई,” असं ते दिवसातून तीनदा म्हणायचे. ते अगदी खरं होतं, हे मला नंतर कळलं.

कॅमेऱ्याचं यंत्र शेजारच्या खोलीत होतं. त्याचं घड्याळ बंद पडलेलं होतं, त्यामुळे चित्रण कधीचं ते कळायला मार्ग नव्हता. शिवाय कॅमेऱ्यात फक्त दार आणि मारुती दिसायचा. गदेचा कोपरा त्याच्या नजरेबाहेर. बरीच खटपट केल्यावर शेवटचं काय सापडलं, तर एक माणूस दार उघडून वाकून आत येतो, एकदा वर बघतो आणि चित्र बंद. लाईट गेली होती आणि ती आल्यावर यंत्र पुन्हा कोणी चालूच केलं नव्हतं.

चित्र काळं-पांढरं होतं, पण चेहरा स्पष्ट. पांढरे केस, पांढऱ्या मिशा, पांढरा शर्ट, साधा चष्मा.

मी, अध्यक्ष आणि माझ्या हवालदार बाई अशा तिघांनी ते चित्र बघितलं. बाई मूळच्या खर्ड्याच्या. बोलायच्या थोडं, पण बोलल्या की माझी पंचाईत करायच्या. अध्यक्षांनी गॉगल कपाळावर चढवला, चित्राकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, “तात्या?” तात्या म्हणजे वस्ताद. पुतण्याच्या तोंडून चुलत्याचं नाव आल्यावर मला आणखी काय हवं होतं?

त्यात संध्याकाळी आमच्या खबऱ्याने पक्की खबर आणली. हा खबरी गावातल्या सलूनमध्ये दिवसभर पेपर वाचत बसायचा आणि एकदाही दाढी करायचा नाही. तो म्हणाला, “साहेब, चुलत्या-पुतन्याचं लई वाजलंय. वस्ताद चारचौघात म्हनले हुते, ह्या अध्यक्षाच्या हातात गदा द्यायच्या आदी मी ती हिरीत टाकीन.”

किल्ली होती, कारण होतं, फोटो होता. मी फोटो छापून घेतला, वस्तादांच्या आधार कार्डाच्या फोटोशेजारी ठेवला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. नाक तेच, गाल तेच, हनुवटी तीच. हवालदार बाई म्हणाल्या, “सायेब, एकदा अजून बघू की.”

“बाई,” मी म्हणालो, “एकदा बघितलेला चेहरा मी...”

“विसरत नाही,” त्यांनी पुरं केलं आणि त्या डायरी लिहायला निघून गेल्या.

वस्तादांना चौकशीला बोलावलं. फिर्याद द्यायला ज्या बाकावर बसले होते त्याच बाकावर ते संशयित म्हणून बसले. मी टेबलावर फोटो सरकवला.

“हे कोण?”

त्यांनी चष्मा पुसून बघितलं. “कुनी का असंना. मी न्हाई.”

“वस्ताद, तुमच्या पुतण्याने ओळखलंय.”

“त्येला लहानपनी धोबीपछाड शिकवला. दोन वर्सं शिकवला. त्येला अजून कुठला पाय पुढं टाकायचा ते कळत न्हाई. त्यो काय मानूस वळखनार?”

“गदा विहिरीत टाकीन म्हणाला होतात?”

“म्हनलो हुतो. आजबी म्हनतो. पर टाकायची असती तर गाव बोलवून, ढोल लावून टाकली असती. चोरून कशाला?”

खरं तर एवढ्या उत्तरावरच मी थांबायला हवं होतं. पण मी तासभर तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. माझा आवाजही चढला. शेवटी वस्तादांनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“साहेब, आमच्या गावात शेवटच्या कुस्तीला दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात मी देतो. माझ्या आदी माझे वडील द्यायचे. ह्या हातावर चोरीचा डाग हाय तवर मी मातीत पाय ठेवनार न्हाई. यात्रा हू द्या न्हाईतर न हू द्या.”

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला ते आपणहून ठाण्यात येऊन बाकावर बसायचे आणि संध्याकाळी मी जा म्हटल्यावर उठायचे. घरी जाताना वाटेत कोणाशी बोलायचे नाहीत. तालमीला कुलूप. गावातले पैलवान ठाण्याबाहेर लिंबाखाली येऊन बसायला लागले. घोषणा नाही, दगडफेक नाही. नुसती वीस-पंचवीस पोरं मांडी घालून बसलेली आणि प्रत्येकाची मान माझ्या मांडीएवढी. सरपंच दोनदा येऊन गेले. वस्तादांच्या हाताशिवाय शेवटची कुस्ती लावायला कोणी धजत नव्हतं. आणि मी? माझ्या तपासाची बातमी कोणत्या पेपरात कशी छापून येईल याचा विचार करत होतो.

चौथ्या दिवशी, म्हणजे यात्रेच्या आदल्या दिवशी, हवालदार बाई तो फोटो घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या.

“सायेब, मारुतीचा शेंदूर कुनी पुसला?”

“काय?”

“फोटोत मागं मारुती बघा. पांढरा दिसायलाय. संगमरवरी असल्यासारखा. तालमीतला मारुती तर भडक शेंदरी हाय.”

“अहो, काळा-पांढरा फोटो आहे. त्यात शेंदरी रंग कसा दिसणार?”

“काळ्या-पांढऱ्यात शेंदरी रंग करडा दिसंल, सायेब. आमच्या लग्नाचा फोटो काळा-पांढराच हाय. त्यात माजं कुंकू काळं दिसतंय, पांढरं नाही.”

लगेच त्यांनी दुसरा वार केला. “आन वस्तादांचे कान बघितले का तुमी?”

आमच्या भागात हे लहान मुलालाही माहीत असतं. वर्षानुवर्षं मातीत घासून पैलवानाचे कान मोडतात, फुगतात, कांदाभज्यासारखे होतात. वस्तादांचे दोन्ही कान तसेच होते. फोटोतल्या म्हाताऱ्याचे कान मात्र कोऱ्या पुस्तकाच्या पानासारखे सरळ. चार दिवस मी केस बघत होतो, मिशा बघत होतो, चष्मा बघत होतो. जे बदलता येत नाही तेवढं सोडून सगळं बघत होतो.

नगरच्या सायबरवाल्या मित्राला फोन लावला. तो हसून म्हणाला, “अंधारात तो कॅमेरा स्वतःचा उजेड टाकतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्या उजेडात तुमच्या-आमच्या रंगांचे नियम चालत नाहीत. जाऊन बघा की एकदा.”

आम्ही तालमीत गेलो. हवालदार बाई आणि चालक पडद्यासमोर बसले, मी दार लावून घेऊन कॅमेऱ्याखाली उभा राहिलो, वर बघितलं आणि बाहेर आलो. बाईंनी चित्र मागे नेऊन दाखवलं. दारात एक म्हातारा उभा होता. कानशिलांपासून टाळूपर्यंत पांढराशुभ्र.

“हा कोण घुसला मध्येच?” मी विचारलं.

चालकाला एकदम खोकला आला. बाई छताकडे बघत म्हणाल्या, “तुमीच हायत, सायेब.”

मी दर पंधरा दिवसांनी केसांना रंग लावतो ही गोष्ट माझ्या घराबाहेर कोणालाही माहीत नाही, अशी माझी अकरा वर्षं समजूत होती. त्या कॅमेऱ्याने रंग धुऊन टाकल्यासारखा काढला होता आणि खालचा माल दाखवला होता. मला स्वतःला मी ओळखू आलो नाही. त्या दोघांनी मात्र मला बघताक्षणी ओळखलं होतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“रोज बघतो की तुमाला,” बाई म्हणाल्या. “केस पांढरे असू द्या नाहीतर हिरवे.”

मग चालकाचा काळा गॉगल घालून बाई आत गेल्या. पडद्यावर त्यांचे डोळे स्वच्छ दिसत होते. गॉगल साध्या चष्म्यासारखा. चालकाची काळी चकचकीत पिशवी धुतलेल्या धोतरासारखी पांढरी.

म्हणजे आमचा पांढऱ्या केसांचा, पांढऱ्या शर्टाचा, चष्मेवाला म्हातारा हा मुळात पांढऱ्या केसांचा नसेल, पांढऱ्या शर्टाचा नसेल आणि चष्मेवालाही नसेल. वाचक एव्हाना माझ्या पुढे गेले असतील. मी मात्र नव्हतो गेलो. माझ्या डोक्यात काय आलं, तर वस्ताद निर्दोष आहेत हे अध्यक्षांना ताबडतोब कळवलं पाहिजे. बिचारे चार दिवस चुलत्याच्या काळजीने झोपलेले नाहीत.

आम्ही अध्यक्षांच्या घरी गेलो. ओसरीत बसलो. अध्यक्ष समोर, डोळ्यांवर गॉगल. त्यांच्या मंडळी चहा आणि शेव घेऊन आल्या. मी फोटो टीपॉयवर ठेवला आणि सुरुवात केली, “अध्यक्ष, एक चांगली बातमी आहे. हे तात्या नाहीत.”

वहिनींनी बशी ठेवता ठेवता फोटोकडे बघितलं आणि हसल्या.

“तात्या कशाला असतील? आमचे हे हायत की! कवा काढला ओ साहेब? रंग लावायच्या आदीचा दिसतोय. रविवार चुकवू नका म्हनलं की ऐकत न्हाईत, मग असं दिसतं.”

हवालदार बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“वहिनी,” मी म्हणालो, “नीट बघा.”

“अवो, तीस वर्सं बघतीये. दारातनं शिरताना वाकलेत बघा कसे. उंची साडेपाच फूटबी न्हाई, पर प्रत्येक दारात वाकायचं. माझ्या सासूबाई म्हनायच्या, ह्येला वाटतं ह्यो मोठा झालाय.” मग त्यांचं लक्ष आमच्या तोंडांकडे गेलं. हातातली बशी तशीच राहिली. “का ओ? काय झालं?”

मी अध्यक्षांकडे बघितलं. त्यांनी हळूच गॉगल काढला, फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

“साहेब, आईशप्पत,” ते म्हणाले, “मला खरंच वाटलं हे तात्या हायत. आधी कवातरी आत आले असतील, तवाचं असंल, आन माझ्या वेळंला लाईट गेल्ती. मी इतका म्हातारा झालोय हे मला ठावंच नव्हतं.”

मग सगळं बाहेर आलं. त्यांचा वाढदिवस यात्रेच्याच आठवड्यात होता. चौकात लावायच्या फ्लेक्सवर खांद्यावर गदा घेतलेला फोटो हवा होता. तात्या देणार नाहीत हे माहीत, म्हणून दुपारी स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडून गदा घेतली, मोटरसायकलच्या मागे बांधली आणि स्टुडिओकडे निघाले. कालव्याच्या वळणावर गाडी घसरली. अध्यक्षांना खरचटलंही नाही. गदेचा गोळा मात्र चेपला. घाबरून त्यांनी ती नगरला एका चांदीच्या कारागिराकडे टाकली. गुपचूप नीट करून जागेवर ठेवायची होती. तोवर वस्ताद ठाण्यात पोहोचले होते.

“आणि चुलता चार दिवस माझ्या बाकावर बसलाय, ते दिसत नव्हतं?” मी ओरडलो.

त्यांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवला. वहिनी बोलल्या. काय बोलल्या ते इथे छापता येणार नाही. त्या बोलत असताना आम्ही दोघं पोलीस भिंतीकडे बघत बसलो होतो. आमच्या ठाण्यातली कोणतीही चौकशी त्याच्या पासंगाला पुरली नसती.

त्याच संध्याकाळी पथक पाठवून नगरहून गदा जप्त केली आणि यात्रेपुरती ताब्यात देण्याची परवानगी रीतसर मिळवली. अध्यक्षांवर खोटं बोलल्याबद्दल जी कारवाई व्हायची ती झाली. वरिष्ठांनी मला जे सुनावलं त्याचाही तपशील मी देत नाही.

मग मी किल्ली घेऊन वस्तादांच्या घरी गेलो. गणवेश मुद्दाम अंगावर ठेवला होता. माफी मागायची तर जो गणवेश घालून चूक केली तोच घालून मागावी, असं वाटलं. हवालदार बाई सोबत होत्या. मी म्हणालो, “वस्ताद, चूक माझी आहे. मला माफ करा.”

त्यांनी किल्ली घेतली नाही. “वळखलं कुनी?”

“तुमच्या सूनबाईंनी.”

“आन मी न्हाई हे कुनी वळखलं?”

मी हवालदार बाईंकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने त्यांना नमस्कार केला. मग मला म्हणाले, “उद्या मैदानात या. तितं बघू.”

दुसऱ्या दिवशी मी बंदोबस्ताला उभा. मैदान माणसांनी नुसतं फुललेलं. हलगी कडाडत होती. शेवटच्या कुस्तीचे दोन्ही पैलवान अंगाला माती चोळून तयार. वस्ताद मैदानाच्या कडेला उभे, पाय अजून मातीबाहेर. सगळं मैदान त्या पायांकडे बघत होतं. हलगीही थांबली.

मग त्यांनी वाकून माती कपाळाला लावली आणि आत पाऊल टाकलं. जो आवाज उठला तो काष्टीपर्यंत गेला असेल. पण पैलवानांकडे न जाता ते सरळ अध्यक्षांकडे गेले, त्यांचं मनगट धरलं, ओढत माझ्याकडे आले, माझंही मनगट धरलं आणि आम्हाला मधोमध नेऊन उभं केलं. माझा हात अध्यक्षांच्या हातात दिला, आणि माईकशिवाय सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आदी ही लावू. दोघांनीबी मला चार दिवस बसवलंय.”

लोक पोट धरून हसत होते. झाडावर बसलेली पोरं खाली पडायची राहिली. मी टोपी सावरत उभा, समोर अध्यक्ष गॉगल सावरत. हलगीवाल्यानेही साथ दिली. अर्ध्या मिनिटाने वस्तादांनी आमचे हात सोडवले आणि कुस्ती बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. मग खऱ्या पैलवानांना बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. गदा त्या वर्षी थोडी चेपलेलीच खांद्यावर चढली.

हसण्यावारी गेलं म्हणून मी सुटलो. पण त्यानंतर एक विचार मला बरेच दिवस टोचत राहिला. दोन अनोळखी चेहरे शेजारी ठेवून ‘हा तोच’ असं सांगणं मला वाटत होतं त्याहून किती तरी अवघड आहे. त्यात एक फोटो दिवसाच्या उजेडातला आणि दुसरा त्या न दिसणाऱ्या उजेडातला असला तर विचारूच नका. रोजच्या माणसाला मात्र बायको, शेजारी, हाताखालचा शिपाई कसल्याही उजेडात ओळखतो. वस्तादांच्या पाठीशी अख्खं गाव लिंबाखाली येऊन बसलं होतं. त्यांच्या जागी पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेला एखादा पांढऱ्या केसांचा माणूस असता तर? त्याला ओळखणारी माणसं शंभर किलोमीटरवर. लिंबाखाली कोणीच आलं नसतं आणि माझा दोन मिनिटांतला निकाल कागदावर पक्का झाला असता.

पुढे नोकरी संपेपर्यंत माझ्या टेबलावर कॅमेऱ्यातले पुष्कळ चेहरे आले. मी ते स्वतः जुळवायचं सोडून दिलं. संशयित कुठलाही असो, आधी त्याच्या गावी गाडी पाठवायची, त्याला रोज बघणारं एखादं माणूस शोधायचं आणि काही न सांगता फोटो त्याच्यापुढे धरायचा. गाडीला फार डिझेल लागतं म्हणून वरून विचारणा व्हायची. मी दर वेळी उत्तर लिहून द्यायचो, आणि गाडी पाठवायचो.